ऑक्टोबर, व्हाया गिरगाव

ऑक्टोबर हा महिना मुंबईत कुणालाच नीट जमत नाही. पाऊस गेला म्हणावं तर छत्री बॅगेतून काढायची हिंमत होत नाही, थंडीला अजून अवकाश, आणि मधल्या मध्ये आपण घामाघूम! त्यात दिवाळी. ज्यांना बोनस मिळतो ते खुश, आणि ज्यांना बोनस हा प्रकारच ठाऊक नाही ते (म्हणजे फ्रीलान्सर, म्हणजे अस्मादिक) जुन्या इन्व्हॉइसचे मेल पुन्हा पुन्हा पाठवण्यात बिझी.

२०२५ चा ऑक्टोबर मात्र जरा जास्तच भरगच्च निघाला. या एका महिन्यात मुंबईला जमिनीखालून धावणारी आख्खी मेट्रो मिळाली, आपल्या लहानपणच्या टीव्हीतली माणसं एकापाठोपाठ एक गेली आणि महिना संपता संपता नेरूळच्या मैदानावर वांद्र्याच्या एका मुलीने ऑस्ट्रेलियाच्या नाकी नऊ आणले. हे सगळं मी दोन ठिकाणांच्या मध्ये ये-जा करताना पाहिलं, वाचलं, ऐकलं. मरोळ आणि गिरगाव. मरोळला मी पेइंग गेस्ट. गिरगावात माझी आत्या.

दांड्या गेल्या, अंक आला

तर मेट्रो. ८ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते आचार्य अत्रे चौक ते कफ परेड या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि ९ तारखेपासून तुम्हाआम्हाला आत सोडलं. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. त्यातलं आरेचं एक सोडलं तर बाकी सगळी पाताळात. तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत. एसी फुकट!

याआधी माझी गिरगाव यात्रा कशी असायची ते ऐका. मरोळ नाक्याहून घाटकोपर–वर्सोवा मेट्रोने अंधेरी. तिथल्या पुलावर गर्दीत वाहत वाहत चर्चगेट स्लो. मग चौदा-पंधरा स्टेशनं मोजत चर्नी रोड, आणि तिथून पायी. पोचेपर्यंत केसांचं काय झालेलं असे ते विचारू नका. त्यामुळे आत्याकडे जाणं म्हणजे सणाला आणि आजारपणाला. आता मरोळ नाक्याला खाली उतरायचं आणि पाऊण तासाच्या आत गिरगावात वर यायचं. मध्ये गाडीसुद्धा बदलायची नाही. ऑक्टोबरच्या उरलेल्या तीन आठवड्यांत मी चारदा गेले. चौथ्या वेळी आत्याने विचारलंच, ‘तुझं काही बिनसलंय का?’

या गाडीत बसताना आरे विसरता येत नाही. २०१९ साली मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालायला लागल्या. आमच्या बॅचचा ग्रुप पहाटेपर्यंत जागा होता. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २ हजारांहून जास्त झाडं पडली होती. याच मेट्रोच्या कारशेडसाठी. आता रोज लाखभर माणसं रस्त्यावरून खाली उतरली तर धूर कमी होईल, हेही खरंच आहे. पण हा हिशेब मला कधी पूर्ण मांडता आलेला नाही. मी तिकीट काढते आणि बसते, आणि दर वेळी आरेचं नाव नकाशावर सगळ्यात वर दिसतं.

असो. त्या पहिल्या काही आठवड्यांतली सगळ्यात मोठी बातमी कुठली होती, माहितीये? स्टेशनांची स्वच्छता नाही, सरकते जिने नाहीत. फोनला रेंज नाही ही! मरोळला खाली गेलं की फोनवरच्या दांड्या एकेक करून गळायच्या, आणि बीकेसी येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या माणसांची अवस्था पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी. कुणी रिफ्रेश करतंय, कुणी फोन विमानाच्या मोडवर टाकून परत काढतंय, कुणी फोटो गॅलरी उघडून २०२२ चं गोवा बघतंय. एक जण तर चक्क कॅलक्युलेटरवर काहीतरी करत होता. सगळ्यांच्या तोंडी तक्रार. मी मात्र मनातल्या मनात म्हणत होते, राहू दे रे देवा असंच अजून थोडे दिवस.

कारण त्या पाऊण तासात मी दिवाळी अंक वाचत होते. पानं उलटायचा. कागदाचा. अर्ध्यात नोटिफिकेशन न येता.

दिवाळी अंक हा प्रकार अमराठी मित्रांना समजावून सांगणं महाकठीण. ‘म्हणजे मॅगझीन?’ हो. ‘वर्षातून एकदा?’ हो. ‘शेकडो?’ हो बाबा, शेकडो! १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणूस चकली-करंजीबरोबर कथा-कविता खातोय. गेल्या वर्षी, म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ ला, केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच्या वाढदिवसाचे बॅनर यंदा जागोजागी लागले होते. बॅनरवर भाषेपेक्षा फोटोच जास्त, ते सोडा. माझ्यापुरती मराठी अभिजात आहे ती दर दिवाळीला दोनशे-अडीचशे पानांचा अंक काढून, विकून, त्यातून पुढच्या वर्षीचा कागद उभा करणाऱ्या लोकांमुळे. आणि हो, आत्याच्या लायब्ररीमुळे. पण तिकडे नंतर येते.

पुढील स्टेशन

रेंज नसली की माणूस अनाउन्समेंट ऐकतो. एरवी आपण ऐकतो का? आचार्य अत्रे चौक. सिद्धिविनायक. शीतलादेवी. हुतात्मा चौक. अत्र्यांचं नाव आलं की मला हसूच येतं. कारण हे स्टेशन सुरू होऊन महिनाही झाला नव्हता आणि २६ मे २०२५ च्या पहिल्याच दणदणीत पावसात पाण्याखाली गेलं होतं. स्वतः अत्रे असते तर ‘मराठा’त काय अग्रलेख पडला असता! त्यांनी ‘मराठा’ सुरू केला १५ नोव्हेंबर १९५६ ला, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धुमाळीत. त्याच्या आदल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी ‘श्यामची आई’ काढून पहिल्यावहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णपदक खिशात घातलेलं. पेपर, नाटक, सिनेमा, भाषणं... आजच्या भाषेत एकटा माणूस म्हणजे एक आख्खा प्लॅटफॉर्म. आणि त्याच्या नावाच्या स्टेशनात फोन लागत नव्हता. हे त्यांना आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

पुढे मुंबई सेंट्रलनंतर ग्रँट रोड. इथे वर लॅमिंग्टन रोडला मिनर्व्हा होतं. १९७५ च्या १५ ऑगस्टला तिथे ‘शोले’ लागला तो पाच वर्षं उतरलाच नाही. आत्या तेव्हा एकवीस वर्षांची, फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर तिने तो तीनदा पाहिला. गब्बरची भीती वाटायची म्हणून दोनदा तिने डोळे झाकले, पण जेलरच्या वेळी उघडे ठेवले. ‘तेवढाच तर हसायचा चान्स होता गं.’

तर तो जेलर २० ऑक्टोबरला गेला. नरक चतुर्दशीच्या दिवशी. असरानी, वय ८४. त्यांनी म्हणे घरच्यांना सांगून ठेवलं होतं की गाजावाजा नको. बातमी आपल्यापर्यंत पोचली तोवर सांताक्रूझला अंत्यसंस्कार होऊनही गेले होते. लोकांना हसवणाऱ्या माणसाने असं गुपचूप, कुणालाही न सांगता निघून जावं, तेही सगळा देश फटाके वाजवत असताना, याला टायमिंग म्हणतात. मिनर्व्हाही गेलं. आता तिथे काय आहे ते बघायला मी ग्रँट रोडला उतरले नाही. आत्यानेच सांगितलं, ‘उतरू नकोस, काही दिसणार नाही.’

पाचशे शब्द, इमोशनल

आमच्या धंद्यातली एक आतली गोष्ट सांगते. कुणी मोठं गेलं की फ्रीलान्सरचा फोन वाजतो. ‘पाचशे शब्द हवेत. तासाभरात. थोडं इमोशनल.’ एका पोर्टलवाल्याचा हा मेसेज ऑक्टोबरात मला चारदा आला. १५ तारखेला पंकज धीर गेले, ‘महाभारत’मधले कर्ण. मग असरानी. मग २४ ला पीयूष पांडे, २५ ला सतीश शाह. तिसऱ्या वेळेपर्यंत ‘थोडं इमोशनल’ हेही टाइप करायचे कष्ट त्याने सोडले होते. नुसतं नाव आणि ‘५००’.

आपल्या पिढीला असल्या बातम्यांनी नक्की काय होतं, मला कळत नाही. मी ‘महाभारत’ लागायचं तेव्हा जन्मलेही नव्हते. ‘ये जो है जिंदगी’ माझ्या आईवडिलांचं. पण ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ आमचं. म्हणजे २००४ मध्ये ते स्टार वनवर लागलं तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन आणि काही कळलं नसेल, पण नंतर यूट्यूबवर आमच्या आख्ख्या हॉस्टेलने ते पाठ केलं. पीजीत एखादीने स्टीलच्या ग्लासात कॉफी दिली की आम्ही अजूनही एकमेकींना मायाच्या आवाजात ‘मिडल क्लास’ म्हणून टोमणा मारतो. आणि ते साराभाई कुटुंब राहायचं कुठे? कफ परेडला!

म्हणून २६ तारखेच्या रविवारी मी गिरगावला उतरलेच नाही. थेट शेवटपर्यंत गेले. का? बस, असंच. इंद्रवदन साराभाईला श्रद्धांजली म्हणून म्हणा हवं तर. कफ परेडला वर आले तर समोर तेच: उंच टॉवर, पलीकडे मच्छीमारांची वस्ती, सुकटाचा वास आणि एका आलिशान गाडीची वाट अडवून उभा असलेला भाजीवाला. माया साराभाईला चक्कर आली असती. माझ्यासारखी बरीच पोरं आली होती. कुणी सेल्फी काढत होतं, कुणी नुसतं हिंडत होतं. एका मुलीने मैत्रिणीला विचारलं, ‘इथे बघायचं काय असतं?’ मैत्रीण म्हणाली, ‘काही नाही, पण आता येता येतं ना.’

मला ते वाक्य आवडलं. मुंबईत आपण राहतो म्हणजे आपल्या ऑफिसच्या आणि घराच्या मधल्या पट्ट्यात राहतो. मरोळवालीला कफ परेड हे अमेरिकेइतकंच लांब, तिकीट तेवढं स्वस्त. आता तिथे विनाकारण जाता येतं. विनाकारण जाता आलं की मगच शहर आपलं वाटायला लागतं, निदान मला.

पीयूष पांडेंवरचे पाचशे शब्द मी त्यातल्या त्यात मनापासून लिहिले. फेविकॉलच्या जाहिराती, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चे शब्द हे सगळं आलंच. पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती कॅडबरीची. नव्वदच्या दशकातली ती, मैदानावर बॉयफ्रेंडने सिक्सर मारल्यावर सिक्युरिटीवाल्याला चुकवून नाचत धावणारी मुलगी. त्यांच्याच एजन्सीने २०२१ मध्ये ती जाहिरात जशीच्या तशी परत केली, फक्त उलटी. आता बॅट मुलीच्या हातात आणि नाचणारा मुलगा. संपादकाने माझा तो परिच्छेद उडवला. जागा नव्हती म्हणे. वेबसाइटवर जागा नव्हती!

गॅलरी

आता गिरगाव. स्टेशनातून वर आलं की जगन्नाथ शंकरशेठ रोड, आणि मग आपलं आपण वास घेत जायचं. फुलं, तूप, ओला रंग, जुनं लाकूड. आत्याची चाळ इथून सात-आठ मिनिटांवर. तिसरा मजला, लाकडी जिना, एकशे ऐंशी फुटांची खोली आणि तिच्यापुढे ती लांबच लांब कॉमन गॅलरी. दिवाळीत सगळ्या दारांवर एकाच रंगाचा, एकाच मापाचा कंदील. तो रंग ठरवायला दसऱ्यानंतर मीटिंग होते आणि मीटिंगमध्ये भांडणं होतात. यंदा केशरी.

या दोन-चार गल्ल्यांत किती काय काय सुरू झालंय, याचा विचार केला की गरगरायला होतं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लागला तो गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला तो इथल्याच मॅजेस्टिकमध्ये. दोन्ही थिएटरं गेली. मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे, आणि ‘आलम आरा’ची तर एक प्रिंटसुद्धा कुठे उरलेली नाही. मौजेचा छापखाना खटाववाडीत. साहित्य संघ इथेच. म्हणजे आपण ज्याला आज ‘कन्टेन्ट’ म्हणतो ते सगळं एके काळी या चालत फिरण्याइतक्या जागेत लिहिलं, छापलं, दाखवलं आणि शिट्ट्या मारून पाहिलं जायचं. आत्याला यातल्या कशाचंच अप्रूप नाही. तिच्यासाठी खटाववाडी म्हणजे तिच्या शिंप्याची वाडी.

तिचं अप्रूप एकच, लायब्ररी. गिरगावातल्या एका छोट्या वाचनालयाची ती तीस वर्षांपासून सभासद आहे. त्यांची दिवाळी अंक योजना असते. एकदा ठरावीक पैसे भरायचे आणि मग एक अंक न्यायचा, वाचून परत करायचा, दुसरा न्यायचा. शिमगा येईपर्यंत हे चालतं. लोकप्रिय अंकांना नंबर लागतात. आत्या पहिल्या दहा दिवसांत कुठले अंक मिळवायचे याचं प्लॅनिंग असं करते की एखाद्या एमबीएने बघत राहावं. कव्हर पाहून अंक नेणाऱ्या बायकांविषयी तिचं मत इथे छापण्यासारखं नाही. माझ्या मेट्रोतल्या वाचनाचा पुरवठाही तिथूनच. म्हणजे तिच्या नंबरवर मी वाचते आणि वेळेवर परत केला नाही तर दंड माझ्याकडून वसूल होतो.

भाऊबीज झाल्यानंतरच्या एका दुपारी तिने चकलीच्या डब्याखालून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ‘इंग्रजी नीट वाचून सांग. मराठीतला मी वाचलाय.’

चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं संमतीपत्र होतं. बिल्डर आलाय, हे मला उडत उडत माहीत होतं. तो गेली आठ वर्षं येतोय आणि जातोय. पण आता मेट्रोचं स्टेशन सात मिनिटांवर आल्यावर तो परत जाईल असं कुणालाच वाटत नव्हतं. आत्याला मिळणार होतं तीनशे फुटांचं, स्वतःच्या मालकीचं घर. टॉवरमध्ये. लिफ्ट. मधली काही वर्षं दुसरीकडे राहायचं, त्याचं भाडं मिळेल.

मी सगळं वाचून दाखवलं. मग न राहवून म्हणाले, ‘पण आत्या, ही गॅलरी...’

पुढे मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. गॅलरीत वाढलेली पिढी, पापड वाळवणं, उघडी दारं, पु.लं.ची ‘बटाट्याची चाळ’, सगळं आलं त्यात. मास कॉम केलेल्या मुलीला हे सगळं छान बोलता येतं. तिने ऐकून घेतलं, चहा गाळला आणि म्हणाली, ‘तुला गॅलरी आवडते, कारण तुला रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन तिच्या टोकापर्यंत जावं लागत नाही.’

संडास गॅलरीच्या टोकाला. सगळ्या मजल्यासाठी दोन. आत्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन २०२३ मध्ये झालंय. संध्याकाळी सातनंतर ती पाणी पीत नाही.

मी गप्प. मग तिनेच समजूत काढल्यासारखं सांगितलं की कोण कुठे जाणार. समोरचे डोंबिवलीला, भाचीकडे. शेजारचे काका बदलापूरला. वरच्या मजल्यावरची सीए करणारी मुलगी आणि तिची आई, बहुधा मीरा रोड. आत्या विरारला, माझ्या आत्तेभावाकडे. ‘चार वर्षं म्हणतात. म्हणजे सहा धर.’ आत्या एकाहत्तर वर्षांची आहे. बेरीज मी मनातच केली. तिने बहुतेक आधीच केलेली होती.

विरार आमच्या या लाडक्या अ‍ॅक्वा लाइनवर नाही. अंधेरी, पूल, विरार लोकल. म्हणजे मी परत सणाला आणि आजारपणाला. आयुष्यात पहिल्यांदा गिरगाव माझ्यासाठी जवळ आलं, आणि ज्यामुळे जवळ आलं त्यामुळेच तिथलं माझं माणूस उठून चाललं. याचा राग कुणावर काढायचा? मेट्रोवर? मी तिच्यात रोज बसते. बिल्डरवर? तो आत्याला संडास देतोय. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कित्येकजण उद्या त्याच टॉवरमध्ये वन बीएचके बुक करतील, ईएमआय भरतील आणि मेट्रोने बीकेसीला जातील. करा, खरंच करा. फक्त शेजारच्या तीनशे फुटांत एखादी म्हातारी राहायला परत आली, तर दार उघडं ठेवून बघा एखाद्या दिवशी.

बारा टीव्ही

३० ऑक्टोबर. गुरुवार. सेमीफायनल. ऑस्ट्रेलियाने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३३८ ठोकल्या होत्या. मी एका प्रेस कॉन्फरन्समधून सुटले आणि सरळ गिरगाव गाठलं, कारण पीजीतल्या टीव्हीवर रात्री आठ ते दहा मालिकांचं राज्य असतं आणि त्याविरुद्ध अपील नाही.

चाळीत मॅच बघणं हा वेगळाच प्रकार. एका मजल्यावर बारा खोल्या, बारा टीव्ही, सगळी दारं उघडी. निम्म्यांकडे केबल, निम्म्यांकडे नेटवर. आणि नेटवरचं चित्र केबलच्या काही सेकंद मागे! त्यामुळे व्हायचं काय, की केबलवाल्या चौथ्या खोलीतून ‘गेऽऽला’ असा आवाज आला की आमच्या टीव्हीवर बोलर अजून रन-अप घेत असायची. आत्याने मागच्या वर्षी मुलाच्या हट्टापायी केबल काढून टाकली होती. आता ती टीव्हीकडे न बघता गॅलरीकडे कान देऊन मॅच बघत होती. ‘थांब, काहीतरी झालंय. चांगलं झालंय.’ मग सात-आठ सेकंदांनी आम्हाला चौकार दिसायचा. अ‍ॅलिसा हीलीच्या हातून जेमिमाचा कॅच सुटला, ८२ वर असताना. तो सुटलाय हे आम्हाला बॉल हवेत जायच्या आधीच माहीत होतं. पुढचे काही सेकंद आम्ही देवासारखे निवांत.

जेमिमा रॉड्रिग्ज. भांडुपमध्ये जन्मलेली, वांद्र्यात वाढलेली. याच वर्ल्ड कपमध्ये तिला एका मॅचला बाहेर बसवलं होतं. तीन नंबरला जायचंय हे तिला त्या दिवशी म्हणे पाच मिनिटं आधी कळलं. हरमनप्रीत ८९ करून गेली तेव्हा गॅलरीत एकदम शांतता पसरली. शेजारचे काका उठून आत गेले. ते बघायला बसले की विकेट पडते, अशी त्यांची १९८३ पासूनची श्रद्धा आहे. जेमिमा मात्र हलली नाही. १३४ चेंडूंत नाबाद १२७. नऊ चेंडू बाकी असताना अमनज्योतने चौकार मारला आणि महिलांच्या वन-डेतला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा पाठलाग पूर्ण झाला. आधी चौथी खोली ओरडली. मग सातवी. मग आम्ही. आख्ख्या मजल्यावरून तो आवाज लाटेसारखा गेला.

आणि काका बाहेर आले. बनियन, लेंगा, वय पंच्याहत्तर. दोन्ही हात वर करून ते गॅलरीत नाचत सुटले, सीए करणाऱ्या मुलीच्या दारापर्यंत आणि परत. ती मुलगी हसून हसून कठड्याला टेकली होती. मला कॅडबरीची जाहिरात आठवली. व्हिडिओ काढायला फोन उचलला, तर आत्या म्हणाली, ‘राहू दे गं, बघ नुसतं.’

दहा वाजून गेले होते, नव्हे, साडेदहाही. शेवटची मेट्रो गेली. म्हणजे चर्नी रोड, स्लो लोकल, अंधेरी, तीच जुनी वरात. मी चपला घालत होते तेव्हा टीव्हीच्या शेजारी तो कागद दिसला, वर चष्म्याचं घर ठेवलेला. सही झालेली होती. निळ्या शाईत, ओळीवर, टायपिस्टला शोभेल अशी सरळ.

आत्याने लायब्ररीचा अंक माझ्या बॅगेत कोंबला. सोमवारी परत करायचा, याची तीनदा आठवण दिली. मग जिन्यापर्यंत आली, टॉर्च पेटवून पायऱ्यांवर धरला.

‘आणि तिथे बाईंना एक विचारून ये,’ ती वरून म्हणाली. ‘विरारला अशी दिवाळी अंकांची योजना असलेली लायब्ररी कुठे आहे का म्हणावं. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी.’